स्टँड-अप जेट स्कीवर उड्या आणि बॅकफ्लिप: सुरुवात कुठून करावी?

दर्यावर्दी_फ्लोरिडा
नमस्कार मंडळी. विषय थोडा आडवाटेचा आहे, पण इथे जाणकार आहेत हे जुन्या धाग्यांवरून दिसतं. स्टँड-अप जेट स्की, म्हणजे सीट नसलेली, उभं राहून चालवायची, एका माणसाची. मुक्काम फ्लोरिडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर. सपाट पाण्यावर उभं राहणं, जोरात वळणं, बोयांभोवती फिरणं व्यवस्थित जमतं. आता हवेतल्या करामती शिकायच्या आहेत. प्रश्न तीन:

१. यामाहा सुपरजेट घ्यायची तर जुनी टू-स्ट्रोक की २०२१ पासूनची फोर-स्ट्रोक?
२. बॅकफ्लिपसाठी (स्कीसकट हवेत मागे पूर्ण कोलांटी) मोठं इंजिन लागतंच का?
३. कुठल्या क्रमाने शिकावं?

बसून चालवायच्या जेट स्कीची चर्चा कृपया नको.

कोपऱ्यातला_वाचक
रुमाल टाकून ठेवतो.

पिस्टन_पाटील
पहिल्या प्रश्नाचं उत्तर वजनात आहे. २००८ ते २०२० ची टू-स्ट्रोक सुपरजेट, ७०१ सीसी, दोन सिलिंडर, कोरडं वजन १४० किलोच्या आतबाहेर. २०२१ ची फोर-स्ट्रोक १०४९ सीसी, तीन सिलिंडर, वजन सुमारे १७० किलो. कावासाकीची एसएक्स-आर १५०० तर अडीचशे किलोची. शर्यतीला उत्तम, पण उड्यांसाठी तिचा विचार नको. स्पर्धेत फ्लिप मारणाऱ्यांच्या कार्बन बॉडीच्या स्की याच्या पुष्कळ खाली असतात.

म्हणजे दोन सुपरजेटमध्ये ३० किलोंचा फरक. हे ३० किलो प्रत्येक उडीत तुमच्या पायांनी उचलायचे आणि प्रत्येक लँडिंगला गुडघ्यांनी झेलायचे. म्हणून माझं मत टू-स्ट्रोक.

एक कागदोपत्री बाब मात्र बघा. अमेरिकेत शेवटच्या काही वर्षांतली टू-स्ट्रोक सुपरजेट 'फक्त स्पर्धेसाठी' म्हणून विकली जायची. वापरलेली घेताना तिची तुमच्या राज्यात नोंदणी झालेली आहे का, टायटल (मालकीचा कागद) विकणाऱ्याच्या नावावर आहे का, हे पैसे देण्याआधी तपासा. काही तलावांवर कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकला बंदीच आहे. लेक टाहोवर १९९९ पासून आहे. समुद्रावर ती अडचण नाही.

मंदार_ऑरलँडो
पाटीलसाहेब, नवशिक्याला टू-स्ट्रोक देणं मला पटत नाही. फोर-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं नाही, कार्बोरेटर जुळवायचे नाहीत, एल-मोडमध्ये ताकद कमी करून सुरुवात करता येते, हँडलपोलही (हँडल ज्यावर असतं तो दांडा) उंचीप्रमाणे जुळवता येतो. यांची अजून पहिली उडीही व्हायची आहे.

पिस्टन_पाटील
मंदार, उभं राहणं आणि वळणं त्यांना जमतं, मग एल-मोडचा उपयोग संपला. आणि ७०१ हे कळायला सोपं इंजिन आहे. मूळ स्थितीत पेट्रोल-तेल ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. कॉम्प्रेशन वाढवलेल्या इंजिनात बरेच जण ४०:१ (लिटरला २५ मिली) किंवा ३२:१ (लिटरला ३१ मिली) ठेवतात. टाकी १८ लिटरची, हिशेब टाकीच्या झाकणावर लिहून ठेवला की चूक होत नाही. पाणी शिरलं तर किनाऱ्यावरच प्लग काढून बाहेर काढता येतं. फोर-स्ट्रोकमध्ये पाणी तेलात गेलं की तेल दुधाळ होतं, मग ते बदलल्याशिवाय इंजिन चालवायचं नाही. उड्या शिकणाऱ्याची स्की दिवसातून कितीदा उलटी होते ते धरून चला.

लाटेवरचा_बाळू
इंजिनाचं बाजूला ठेवा, तिसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. उडीच्या आधी तीन गोष्टी लाटांमध्ये डोळे मिटून यायला हव्यात.

पहिली, पडल्यावर परत चढणं. फेसाळ पाण्यात, दोन लाटांच्या मधल्या वेळात. छाती ट्रेवर (मागची, उभं राहायची सपाट जागा), एक हात हँडलवर, हलका थ्रॉटल, आधी गुडघे, मग पाय. स्कीचं तोंड समुद्राकडेच ठेवायचं. लाटेला आडवी ठेवली की ती तुमच्या अंगावर लोळते.

दुसरी, उलटलेली स्की सरळ करणं. मागच्या बाजूला बाणाचं स्टिकर असतं, त्याच दिशेने फिरवा. उलट्या दिशेने फिरवली तर एक्झॉस्टमध्ये साठलेलं पाणी इंजिनात उतरतं. स्टिकर निघून गेलं असेल तर मार्करने बाण काढून ठेवा.

तिसरी, पाणबुडी. नाक जाणूनबुजून पाण्यात घालून, थ्रॉटल सोडून, स्कीला आपोआप वर येऊ देणं. यात नाक पाण्यात गेल्यावर काय वाटतं ते अंगाला कळतं आणि घाबरून हँडलवर ओणवं होण्याची सवय मोडते. चुकीचं लँडिंग बहुतेक वेळा याच प्रकारचं असतं, त्यामुळे ही तयारी फुकट जात नाही.

मग सरळ उडी. कमरेएवढी लाट, अजून न फुटलेली किंवा माथ्यावर नुकती पांढरी होणारी. दोन लाटांत सात-आठ सेकंदांचं अंतर असेल असा दिवस निवडा. लाटेला बरोबर काटकोनात जायचं, वेग वीस-पंचवीस किलोमीटर, पूर्ण थ्रॉटल नाही. पायथ्याशी गुडघे वाकवा. चढावर थ्रॉटल एकसारखा. स्कीचा पुढचा तिसरा भाग माथ्याबाहेर गेला की त्या क्षणी पूर्ण थ्रॉटल आणि पायांनी उसळी. मागचा भाग सुटला की थ्रॉटल बंद, गुडघे पोटाकडे, नजर उतरायच्या जागेवर. शेपूट किंचित आधी टेकली पाहिजे आणि शक्यतो लाटेच्या मागच्या उतारावर. टेकल्यानंतर अर्ध्या क्षणाने पुन्हा थ्रॉटल.

चुका दोनच मोठ्या. चढावर घाबरून थ्रॉटल सोडला की नाक पडतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. वेग फार ठेवला की लाट ओलांडून पलीकडच्या सपाट पाण्यात आदळता.

कोपऱ्यातला_वाचक
'अर्ध्या क्षणाने' म्हणजे नक्की का? टेकताना थ्रॉटल उघडा असला तर काय बिघडतं?

पिस्टन_पाटील
हवेत पंपात पाणी नसतं, इंजिनावर भार नसतो, आरपीएम थेट वर जातात. त्याच आरपीएमवर इम्पेलर (पंपातला पाणी ढकलणारा पंखा) अचानक भरीव पाण्यात शिरला की सगळा धक्का ड्राइव्हशाफ्ट, कपलर (शाफ्ट इंजिनाला जोडणारा भाग) आणि क्रँकवर येतो. आधी मरतो तो कपलरमधला रबरी डॅम्पर. हुड उघडल्यावर कपलरखाली काळी रबराची भुकटी दिसली तर तो झिजतोय असं समजा. त्यानंतर इंजिन माउंट फाटतात. उड्या मारणाऱ्याने या दोन वस्तू सुट्या घरात ठेवाव्यात.

संथ_पाणी
बाळूशी थोडा असहमत. लाट रोज मिळत नाही, आणि उडीची खरी अक्कल सपाट पाण्यावर येते. तिथे लाट मदत करत नाही, त्यामुळे चूक लपत नाही.

सपाट पाण्यावरची उडी अशी. वेग माणसाच्या भरभर चालण्याएवढा. दोन्ही पाय फूटहोल्डमध्ये (ट्रेवर पाय अडकवायच्या खोबणी), हात सैल. थ्रॉटल सोडा, गुडघे वाकवून वजन पुढे द्या, नाक वीतभर बुडू द्या. आता थांबा. पाणी नाकाला वर फेकतं, त्या उसळीची वाट बघायची असते. नाक वर यायला लागलं की कंबर मागे, पाय सरळ, आणि त्याच वेळी पूर्ण थ्रॉटल. स्की साधारण ४५ अंशांवर आली की गुडघे वर ओढायचे, म्हणजे शेपूटही पाण्याबाहेर येते. उसळीच्या आधी थ्रॉटल दिला तर स्की नुसती पुढे पळते. गुडघे ओढले नाहीत तर नाक वर आणि शेपूट पाण्यातच राहते.

मूळ ७०१ वर, ट्रिम नसताना, शेपूट क्वचितच पूर्ण सुटेल. तरी हा सराव करावा, कारण उसळी ओळखण्याचं हे टायमिंग पुढे सगळ्या करामतींत लागतं.

लाटेवरचा_बाळू
टायमिंगबद्दल +१. पण मूळ इंजिनावर महिनोन्महिने सपाट पाण्यात उड्या मारत बसलं तर पाठ आधी बोलते, स्की नंतर उडते. आठवड्यात वारा पडलेला दिवस सपाट पाण्याला, लाटेचा दिवस लाटेला, असं वाटून घ्या.

मंदार_ऑरलँडो
ट्रिम म्हणजे काय ते नव्या वाचकांसाठी कोणी सांगेल का?

संथ_पाणी
मागे पाणी फेकणारं नोझल वरखाली करायची सोय. डाव्या हाताशी लिव्हर असतो. तो ओढला की नोझल वर बघतं, पाण्याचा झोत वरच्या दिशेने जातो, शेपूट खाली दाबली जाते आणि नाक उठतं. टू-स्ट्रोक सुपरजेटला ही सोय कारखान्यातून येत नाही, नंतर बसवावी लागते. सपाट पाण्यावरच्या फ्लिपला ती हवीच. लाटेवर शिकताना तिच्यावाचून अडत नाही.

गणिताची_मावशी
दुसऱ्या प्रश्नाला थोडं गणित लावते. दीड मीटर उंच उडी मारली तर हवेत एकूण वेळ सुमारे १.१ सेकंद मिळतो. दोन मीटरला १.२८ सेकंद. उंची तिसऱ्या हिश्श्याने वाढवली तरी वेळ जेमतेम १५ टक्के वाढतो. म्हणजे बॅकफ्लिपमध्ये उंचीइतकंच, किंबहुना जास्त महत्त्व आहे ते पाणी सोडताना मिळालेल्या फिरकीला. १.१ सेकंदात ३६० अंश म्हणजे सेकंदाला सव्वातीनशे अंशांपेक्षा जास्त. एकदा पाणी सुटलं की बाहेरून नवी फिरकी मिळत नाही, फक्त अंग आवळून असलेली फिरकी वाढवता येते.

लाटेवर ही फिरकी चढ देतो. स्की आधीच नाक वर करून निघते, त्यामुळे पुढे कापायचा कोन कमी उरतो. सपाट पाण्यावर हे सगळं इंजिन, पंप आणि ट्रिमला करावं लागतं. म्हणून लाटेवर मूळ इंजिनाच्या सुपरजेटनेही बॅकफ्लिप होतो आणि सपाट पाण्यावर मोठं इंजिन आणि हलकी बॉडी लागते.

उतरण्याचंही बघा. दीड मीटरवरून पाण्यावर येताना वेग ५.४ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १९-२० किलोमीटर. गुडघे वाकवून ३० सेंटीमीटरमध्ये थांबलात तर शरीरावर सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट मंदन. पाय ताठ ठेवून पाच सेंटीमीटरमध्ये थांबलात तर तीसपट. पाणी थोडं दबतं, स्की थोडी आत जाते, तेवढी सूट मिळेल. पण फरक सहापट आहे आणि तो फक्त गुडघ्यांचा आहे.

कोपऱ्यातला_वाचक
मावशी, शाळेत गतीची समीकरणं अशी शिकवली असती तर मागच्या बाकावर कोणी बसलं नसतं. वाचनखूण साठवली.

डॉ_खारेपाणी
दुखापतींबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

सगळ्यात आधी निओप्रीन. गुडघ्यापर्यंत तरी जाडसर वेटसूट हवा, पोहायची चड्डी चालणार नाही. मागे पडल्यावर जेटचा झोत किंवा आदळण्याचा दाब गुदद्वारातून किंवा योनीमार्गातून आत जाऊन आतले अवयव फाटल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. उत्पादकही स्कीवरच तसा इशारा चिकटवतात. बॅकफ्लिप अर्धवट सोडणारा माणूस नेमका नोझलच्या मागे पडतो, म्हणून हे इथे जास्त लागू.

दुसरं, गुडघ्याचे लिगामेंट. पाय फूटहोल्डमध्ये अडकून अंग एका बाजूला फिरलं की गुडघा पिळला जातो. फूटहोल्ड पाण्यात जाण्याआधी जमिनीवर तपासा: त्याच बुटात पाय घाला, टाच बाहेर फिरवून मागे ओढा. पाय जोर न लावता सुटला पाहिजे. ओला बूट आणि कोरडा बूट, दोन्हींनी तपासा.

हेल्मेट, आघात झेलणारं जाड तरंगतं जॅकेट, नडगी-गुडघ्याचे गार्ड. डोकं आपटून थोडा वेळ जरी भांबावल्यासारखं झालं तरी त्या दिवशी परत पाण्यात जायचं नाही. मळमळ, वाढत जाणारी डोकेदुखी, झापड असेल तर थेट इस्पितळ.

सुप्रिया_टँपा
फ्लोरिडाचे नियम थोडक्यात जोडते. फुगवायचं लाइफ जॅकेट जेट स्कीवर चालत नाही, फोमचंच हवं. इंजिन बंद करणारी दोरी अंगाला किंवा जॅकेटला बांधलेली पाहिजे. सूर्यास्तानंतर अर्धा तास ते सूर्योदयाआधी अर्धा तास चालवायला बंदी. १ जानेवारी १९८८ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना बोटिंग सुरक्षेचं ओळखपत्र लागतं. दुसऱ्या बोटीच्या लाटेवरून तिच्या फार जवळ उडी मारणं हे बेदरकार चालवण्यात मोडतं, त्यामुळे मित्राच्या बोटीमागे लाट शोधायला जाऊ नका. सर्फिंग करणाऱ्यांपासून तर फारच लांब राहा. त्यांना पटकन बाजूला होता येत नाही. आणि मॅनाटीच्या (समुद्रगाईसारखा सस्तन प्राणी) संथ-वेग क्षेत्राचे फलक पाळा.

मालवणी_माणूस
अवांतर: हे आपल्या कोकणात का दिसत नाही? तारकर्ली, नागाव, काशीद, सगळीकडे जेट स्की आहेत.

लाटेवरचा_बाळू
त्या बसायच्या आहेत, पर्यटकांना फेरी मारायला. स्टँड-अपवर दोन माणसं बसत नाहीत आणि नवख्याला पहिल्या दिवशी उभंही राहता येत नाही, मग धंदा कसा होणार? दुसरं कारण हवामान. हिवाळ्यात कोकणातला समुद्र बहुधा शांत, उडीजोगी लाट कमी. लाटा येतात पावसाळ्यात, तेव्हा जलक्रीडा बंद असतात आणि त्या बंद असणंच योग्य. तो समुद्र शिकण्याचा नव्हे. गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत वॉटरक्राफ्ट चालवण्याचं रीतसर प्रशिक्षण मिळतं, सुरुवात तिथून करता येईल. आशियात करामतींची स्पर्धा बघायची तर थायलंडमधलं पट्टाया, अमेरिकेत ॲरिझोनातलं लेक हवासू.

मालवणी_माणूस
म्हणजे आमच्याकडे लाट आहे तेव्हा परवानगी नाही आणि परवानगी आहे तेव्हा लाट नाही. धन्यवाद, मी सोलकढी पिऊन वाचत बसतो.

दर्यावर्दी_फ्लोरिडा
सगळ्यांचे मनापासून आभार. समजा ७०१ ची टू-स्ट्रोक घेतली आणि बदलासाठी मोजकेच पैसे आहेत. आधी काय करू? आणि क्रमात सरळ उडीनंतर काय?

पिस्टन_पाटील
इंजिन उघडू नका. क्रम असा ठेवा.

फूटहोल्ड सर्वात आधी. सुपरजेटची बॉडी एसएमसी या दाबून बनवलेल्या फायबरची असते. तिच्यावर पॉलिएस्टर रेझिन नीट धरत नाही, इपॉक्सीच वापरा. ट्रेवरची मॅट काढा, रंग पूर्ण जाऊन फायबर दिसेपर्यंत ४० ते ६० नंबरच्या पेपरने घासा, ॲसिटोनने पुसा. उडीच्या पवित्र्यात उभं राहून पायांभोवती मार्करने खूण करा, फूटहोल्ड त्या खुणेवर बसवा, दुसऱ्याच्या स्कीचं माप घेऊ नका. दाट केलेल्या इपॉक्सीवर चिकटवून वरून काचकापडाचे दोन थर. पूर्ण २४ तास हात लावायचा नाही.

मग पाणी उपसणारा इलेक्ट्रिक पंप. मूळचा सायफन स्की चालू असतानाच ओढतो, आणि उड्या शिकताना स्की बराच वेळ उभी किंवा उलटी असते. तासाला १९०० लिटरचा एक पुरतो, दोन असले तर निश्चिंती. आत २० लिटर पाणी म्हणजे २० किलो, आणि ते एका जागी थांबत नाही, नाक उचललं की शेपटीकडे धावतं. पंपाची नळी बाहेर निघण्याआधी पाण्याच्या पातळीच्या वर वळसा देऊन न्या, नाहीतर तिच्यातूनच पाणी आत येईल.

तिसरा खर्च जेट पंपाकडचा. इम्पेलर आणि वेअर रिंगमधली (त्याच्याभोवतीचं कडं) फट अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेली असेल तर रिंग बदला. पंप जिथे बॉडीला टेकतो तिथे सिलिकॉन भरा. तिथून हवा ओढली गेली की ऐन माथ्यावर झोत तुटतो. कमी पिचचा (पात्यांचा तिरपेपणा कमी असलेला) इम्पेलर, म्हणजे वरचा वेग थोडा जातो पण खालून उचल मिळते. आणि पाणी आत खेचणारी खोलगट इनटेक जाळी. एवढं झाल्यावर मूळ इंजिनाची स्की वेगळीच वाटेल.

मंदार_ऑरलँडो
हे वाचून मान्य करतो, टू-स्ट्रोक ठीक. फक्त वापरलेली घेताना दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर सौदा सोडा. हँडलपोलचा ब्रॅकेट जिथे बॉडीला धरतो तिथे आणि नाकाच्या खालच्या बाजूला भेगा बघा. उड्या मारलेली स्की तिथेच तडकते.

लाटेवरचा_बाळू
सरळ उडीनंतर हवेत हँडल वळवून नाक डावी-उजवीकडे नेणं आणि टेकण्याआधी परत सरळ करणं. दोन्ही बाजूंना. ते जमलं की बॅकफ्लिप. नॅक-नॅकसारख्या पाय काढायच्या करामती त्यानंतर.

संथ_पाणी
सर्वसाधारण क्रम उलटा सांगतात, आधी नॅक-नॅक.

लाटेवरचा_बाळू
माहीत आहे, पण एक पाय बाहेर असताना टेकलं तर सगळा धक्का एकाच गुडघ्यावर येतो. डॉक्टरांनी वर लिहिलंय तेच. बॅकफ्लिप चुकला तर बहुधा पाण्यावर पाठ आपटते. मला दुसरा धोका कमी वाटतो.

बॅकफ्लिपला छातीएवढी, उभ्या चढाची लाट हवी, आणि उतरायच्या जागी दोन मीटरपेक्षा जास्त खोली. वेग सरळ उडीपेक्षा कमी. माथ्यावर स्की सुटेपर्यंत थ्रॉटल पूर्ण उघडा. कंबर हँडलकडे, हात जवळ, आणि मान मागे टाकून मागचं पाणी शोधायचं. डोकं जातं तिकडे अंग जातं. घाई करून आधीच ओढलं तर स्की जागेवर उभी राहते आणि पाठीवर पडते. माथ्यावर थ्रॉटल सुटला तर फिरकी अर्ध्यात संपते. उलटं असताना पाणी दिसलं नाही तर तो फ्लिप सोडायचा: पाय सोडवा, स्कीला दोन्ही पायांनी दूर ढकला, हात डोक्यावर. स्की एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या बाजूला. दोन मनांत राहिलात की दोघं एकाच जागी पडता.

डॉ_खारेपाणी
ढकलणं आधी सपाट पाण्यावर, कमी वेगात शिका. आणि किनाऱ्यावर एक माणूस नजर ठेवून असलाच पाहिजे.

पिस्टन_पाटील
संध्याकाळचं काम राहिलं. इंजिनात पाणी गेलं असेल तर त्याच दिवशी काढा: प्लग काढून वायरी अर्थला लावा, पाच-पाच सेकंद स्टार्टर द्या, भोकांतून फवारा थांबेपर्यंत. हात-तोंड लांब ठेवा. मग प्लग लावून पाण्यात दहा मिनिटं भाराखाली चालवा, म्हणजे क्रँकची बेअरिंग सुकतात. गोड्या पाण्याने धुताना आधी इंजिन चालू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. क्रम उलटला तर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरमध्ये जातं. हुड रात्रभर उघडं ठेवा.

दर्यावर्दी_फ्लोरिडा
२०१५ ची एक बघून ठेवली आहे, ट्रेला मूळ मॅट आहे, फूटहोल्ड नाहीत. शनिवारी कॉम्प्रेशन गेज घेऊन जातो आणि आकडे इथे टाकतो.